साक्षीला रोप उभे करा

परदेशात असो वा परप्रांतात, मराठी घरातल्या कपाटात बगरूची एखादी चादर, ओढणी किंवा कुर्ता बहुधा सापडतो. गावाचे नाव ठाऊक नसते. पण पिवळसर किंवा राखी पोतावर काळ्या-तांबड्या फुलापानांचे ठसे दिसले की ते कापड ओळखू येते. जयपूरहून अजमेरच्या रस्त्याला लागले की सुमारे ३० किलोमीटरवर हे गाव आहे. तेथील छिपा समाज पिढ्यानपिढ्या लाकडी ठशांनी कापड छापत आला आहे. मराठी माणसाला हा समाज अगदीच परका नाही. राजस्थानातील छिपांपैकी मोठा वर्ग संत नामदेवांना आपले आराध्य मानतो आणि 'नामदेव छिपा' असे स्वतःला म्हणवतो. गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदे आहेत. तेथेही त्यांची ओळख छिपा अशीच येते. आपल्याकडचा शिंपी उत्तरेत छिपा झाला, एवढाच फरक.

बगरूचे काम पाण्याचे आणि मातीचे आहे. कापड प्रथम हिरड्याच्या पाण्यात बुडवून उन्हात वाळवतात. लोखंडाचे भंगार आणि गूळ आंबवून काळी 'स्याही' करतात. तुरटीपासून लाल रंगासाठी 'बेगर' करतात. ठसे उमटवले की कापड धुतात, मग धायटीच्या फुलांसह लाल रंगाच्या कढईत उकळतात. माती, चुना, डिंक आणि किडक्या गव्हाचे पीठ यांचा लेप, म्हणजे 'दाबू', लावून निळीच्या कुंडीत बुडवले की लेपाखालची जागा कोरी राहते. पूर्वी या सगळ्यासाठी गावालगतच्या संजरिया नदीचे पाणी व माती कामाला येत असे. आज भिस्त विंधन विहिरींवर आहे. शिवाय हिरडा आणि नीळ यांच्या जोडीला कारखान्यातले रंग आले, तयार पांढरी व रंगीत रंगद्रव्ये आली, गावाजवळ औद्योगिक वसाहत आली, वस्त्रोद्यान आले. कापड प्रत्येक टप्प्यावर धुतले जाते आणि प्रत्येक धुण्याचे पाणी कुठे ना कुठे जाते. राजस्थानसारख्या कोरड्या प्रदेशात वाहते पाणी वाया घालवण्याची चैन कोणाला परवडत नाही. ते नाल्याने सखल भागात जाते, जमिनीत मुरते, आणि उपसा करून पुन्हा शेतातही जाते.

या पाण्याची परीक्षा सरकार कशी घेते, हा माझ्या लेखाचा विषय आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे: आपल्या परीक्षेत पाण्यातील पदार्थाचे वजन पाहिले जाते, आकार पाहिला जात नाही. रोप मात्र आकारही पाहते. म्हणून रोपाला साक्षीदार म्हणून उभे केल्याशिवाय ही परीक्षा पुरी होत नाही.

प्रशासनात काम केलेल्या कोणालाही पुढील प्रसंग ओळखीचा वाटेल. शेतकरी मेथीची किंवा मुळ्याची जुडी घेऊन कार्यालयात येतो. पाने पिवळी, मुळे आखूड, पीक खुंटलेले. तो म्हणतो, नाल्याच्या पाण्याने असे झाले. फाईल मागवली जाते. फाईलमधल्या तपासणी अहवालात प्रत्येक आकडा मर्यादेच्या आत असतो. अधिकाऱ्याच्या एका हातात अहवाल आणि दुसऱ्या हातात मुळा. कायद्याने त्याला अहवालावर विश्वास ठेवावा लागतो. शेतकरी खोटे बोलतो असे नाही आणि अहवालही खोटा असेल असे नाही. दोघांनी वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे दिलेली असतात.

वेगळा प्रश्न कोणता, हे समजण्यासाठी अब्जांश कण म्हणजे काय ते पाहू. मीटरचा अब्जावा भाग म्हणजे नॅनोमीटर. १ ते १०० नॅनोमीटर या टप्प्यातील कणांना नॅनो कण किंवा अब्जांश कण म्हणतात. माणसाचा केस सुमारे ८० हजार नॅनोमीटर जाड असतो. त्यावरून कल्पना यावी. एवढ्या लहान आकाराने काय बिघडते? महसुली भाषेत सांगतो. एक बाजू १ सेंटीमीटर असलेला घन घेतला तर त्याचे पृष्ठफळ ६ चौरस सेंटीमीटर भरते. तोच घन १० नॅनोमीटर बाजूच्या घनांत चिरला, तर वजन तेवढेच राहते, पण पृष्ठफळ ६०० चौरस मीटर होते. म्हणजे जवळजवळ सहा गुंठे! रासायनिक व्यवहार पृष्ठभागावर होतात. म्हणून ज्या पदार्थाचा खडा निरुपद्रवी असतो, त्याचीच भुकटी या टप्प्यात गेली की वेगळी वागू लागते.

हे कण निसर्गातही आहेत. चिकणमातीत आहेत, लोहाच्या गंजात आहेत, ज्वालामुखीच्या राखेत आहेत. बगरूच्या पारंपरिक काळ्या रंगातही लोह आणि हिरड्यातील टॅनिन मिळून न विरघळणारा अतिशय बारीक साकाच तयार होतो. तेव्हा 'नैसर्गिक ते निर्मळ आणि नॅनो ते विषारी' अशी सोपी वाटणी करता येणार नाही. वनस्पती अशा कणांच्या सहवासात कोट्यवधी वर्षे वाढल्या आहेत. नवीन आहे ती त्यांची जात आणि मात्रा. पांढऱ्या रंगासाठी आणि उन्हापासून संरक्षणासाठी टायटॅनियम डायऑक्साइड, कापडाला वास येऊ नये म्हणून चांदी, मलमांत व रबरात झिंक ऑक्साइड, बुरशीनाशकात तांबे. आपल्या रोजच्या वस्तूंत हे पदार्थ आहेत आणि त्यांचा काही भाग अब्जांश आकारात असतो. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यातील संशोधकांनी २००८ साली बाजारातले चांदीयुक्त पायमोजे साध्या पाण्यात धुऊन पाहिले. काही मोज्यांनी थोड्याच धुण्यांत जवळजवळ सगळी चांदी पाण्यात सोडली. कापडावर लावलेली गोष्ट कापडावरच राहते, हा समज त्या प्रयोगाने दूर केला.

आता रोपाकडे वळू. मातीतून किंवा पाण्यातून असे कण मुळापाशी आले की काय होते?

मुळाच्या टोकाभोवती एक चिकट स्राव असतो. कण प्रथम त्यात अडकतात. काही तिथेच थांबतात आणि मुळाच्या पृष्ठभागावर थर धरतात. त्यामुळे पाणी व अन्न घेण्याच्या वाटा तुंबतात. पुढे पेशीभित्तिका असते. तिची छिद्रे काही नॅनोमीटरपासून साधारण वीसेक नॅनोमीटरपर्यंत असतात. त्याहून लहान कण आत जाऊ शकतात. मोठ्या कणांना उपमुळे फुटतात त्या जागेची भेग किंवा एखादी जखम वाट करून देते. मुळाच्या आतल्या भागात मेणचट पदार्थाची एक कड असते, जकात नाक्यासारखी. तेथे बरेच कण अडवले जातात. जे सुटतात ते पाण्याबरोबर खोडात आणि पानांत चढतात.

दुसरी क्रिया विरघळण्याची. झिंक ऑक्साइड, तांबे आणि चांदी यांचे कण हळूहळू विरघळून धातूचे आयन सोडतात. टायटॅनियम डायऑक्साइड जवळजवळ विरघळत नाही. म्हणून एकाच आकाराच्या दोन कणांचा परिणाम एकसारखा नसतो. तिसरी क्रिया पेशीच्या आत घडते. कणांमुळे व आयनांमुळे ऑक्सिजनची उग्र रूपे तयार होतात. ती पेशीच्या पडद्यातील स्निग्धांश जाळतात, हरितद्रव्य घटवतात, पेशींच्या विभाजनात बिघाड करतात. रोप त्याच्याशी झुंजते. विशिष्ट विकरांचे प्रमाण वाढवून ते ही उग्र रूपे शमवते. धातूंना बांधणारे रेणू तयार करून त्यांना पेशीतल्या पोकळीत कोंडून ठेवते. या झुंजीत शक्ती खर्च होते, आणि ती वाढीतून वजा होते. शेतकऱ्याला 'पीक खुंटले' असे दिसते, त्याच्यामागे अनेकदा हा जमाखर्च असतो.

मात्रेचे महत्त्व इथे विसरता येत नाही. आपली म्हण आहे, अति तेथे माती. जस्त हे वनस्पतीचे आवश्यक अन्न आहे आणि भारतातील मोठ्या क्षेत्रात जमिनीत त्याची उणीव आहे. जोधपूरच्या केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०१४ साली बाजरीवर जस्ताचे अब्जांश कण अत्यल्प मात्रेत वापरले आणि मुळांची वाढ, हरितद्रव्य व धान्य यांत वाढ नोंदवली. म्हणजे जो कण एका मात्रेत खत आहे तोच दुसऱ्या मात्रेत विष आहे. राजस्थानातच, बगरूपासून काही तासांच्या अंतरावर, या नाण्याची पहिली बाजू अभ्यासली गेली. दुसरी बाजू अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसते.

त्या अभ्यासात मुळा, मोहरीवर्गीय रेप, रायगवत, लेट्यूस, मका आणि काकडी अशा सहा वनस्पतींच्या बिया घेऊन पाच प्रकारचे अब्जांश कण तपासले गेले. निष्कर्ष प्रशासकाने लक्षात ठेवण्यासारखा आहे. बहुतेक बिया कणांच्या दाट द्रावणातही उगवल्या. उगवणीवर परिणाम झाला तो फक्त जस्ताच्या कणांमुळे रायगवतावर आणि झिंक ऑक्साइडमुळे मक्यावर. पण जस्त आणि झिंक ऑक्साइड यांच्या लिटरला २००० मिलिग्रॅम मात्रेत मुळांची वाढ जवळजवळ थांबली. मुळ्याच्या मुळाची वाढ निम्म्यावर यायला लिटरला सुमारे ५० मिलिग्रॅम पुरले. रेप आणि रायगवताला सुमारे २०. म्हणजे 'बी उगवले' एवढे पाहून समाधान मानणारा तपासनीस फसला असता. बियाच्या आत स्वतःची शिदोरी असते आणि भोवती टरफलाचे कवच असते. त्या जोरावर ते उगवते. खरी परीक्षा मूळ बाहेर पडल्यावर सुरू होते. मूळ मोजल्याशिवाय उत्तर मिळत नाही.

प्रत्येक वनस्पतीचा स्वभावही वेगळा. २००८ सालच्या एका प्रयोगात पाण्यात वाढवलेल्या भोपळ्याने लोहाचे चुंबकीय अब्जांश कण मुळांतून घेऊन वर चढवले, तर लिमा घेवड्याने ते घेतलेच नाहीत. कॅलिफोर्नियात २०१२ साली सोयाबीन मातीत वाढवून पूर्ण पक्व होऊ दिले. जस्त पानांत व दाण्यांत साठलेले आढळले. आणि सेरियम ऑक्साइडच्या अधिक मात्रेत मुळांवरील गाठींतून होणारे नत्राचे स्थिरीकरण जवळपास बंद पडले. वरून पाहता झाड उभे, पण जमिनीखाली जिवाणूंशी असलेला करार मोडलेला! कडधान्यावर जगणाऱ्या देशाने या निष्कर्षाकडे काणाडोळा करणे बरे नाही. मूग, चवळी, गवार, हरभरा ही सगळी त्याच कुळातली पिके.

मातीचा वाटा तर सर्वांत मोठा. प्रयोगशाळेतील काचेच्या बशीत जे घडते ते शेतात तसेच घडत नाही. चुनखडीयुक्त अल्कधर्मी जमिनीत जस्त कमी विरघळते, म्हणून त्याचा जाच कमी होतो. क्षारयुक्त पाण्यात कण एकमेकांना चिकटून मोठे होतात आणि तळाशी बसतात. सांडपाण्यातील चांदी गंधकाशी मिळून सिल्व्हर सल्फाइड बनते, ते बरेच सौम्य असते. पण 'मातीने सगळे पोटात घेतले' असे म्हणून हात झटकता येत नाहीत. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाने उघड्यावरच्या मोठ्या कुंड्यांत सांडपाण्याचा गाळ घालून त्यात चांदीचे कण अल्प मात्रेत मिसळले. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात एका वनस्पतीचे वजन ३२ टक्क्यांनी घटले. मातीतल्या सूक्ष्मजीवांतही बदल झाले. माती न्यायाधीशासारखी आहे. ती बऱ्याच आरोपींना सोडते, सगळ्यांना नाही.

आता आपल्या मोजपट्टीकडे येऊ. केंद्र सरकारने वस्त्रोद्योगाच्या सांडपाण्यासाठी २०१६ साली सुधारित मानके अधिसूचित केली. बीओडी लिटरला ३० मिलिग्रॅम, सीओडी २५०, तरंगते घन पदार्थ १००, एकूण क्रोमियम २, अशी ती यादी आहे. यादी चुकीची नाही. तिने पुष्कळ काम केले आहे. पण तरंगते घन पदार्थ कसे मोजतात पाहा. पाणी काचतंतूच्या गाळणकागदातून गाळतात. वर जे राहते ते 'तरंगते', खाली जे जाते ते 'विरघळलेले'. या कागदाची छिद्रे साधारण २ मायक्रॉन किंवा त्याहून थोडी लहान. २ मायक्रॉन म्हणजे २००० नॅनोमीटर. १०० नॅनोमीटरचा कण त्याच्या विसाव्या हिश्शाचा आहे. तो गाळणीतून सहज निसटतो आणि कागदोपत्री 'विरघळलेला' ठरतो. धातूंसाठी ०.४५ मायक्रॉनची बारीक गाळणी वापरतात. तीही ४५० नॅनोमीटरची, म्हणजे अब्जांश कणाला वेशीएवढी रुंद. आम्लात उकळून एकूण धातू मोजला तर वजन कळते, पण तो कण होता की क्षार, हे कळत नाही. घन असलेला पदार्थ सरकारी दप्तरात द्रव होतो. यात कोणाची लबाडी नाही. गाळणी जुन्या प्रश्नासाठी बनवलेली आहे.

याहून चमत्कारिक गोष्ट पर्यावरण संरक्षण नियमांच्या सहाव्या अनुसूचीत आहे. तिथली सर्वसाधारण मानके १९९३ साली आली. त्यात सांडपाणी कुठे सोडायचे यानुसार चार रकाने आहेत: भूपृष्ठावरील जलाशय, सार्वजनिक गटार, सिंचनासाठी जमीन आणि समुद्रकिनारा. जस्ताला जलाशयासाठी लिटरला ५ मिलिग्रॅमची मर्यादा आहे, तांब्याला ३ ची. सिंचनाच्या रकान्यात मात्र या दोन्ही धातूंपुढे नुसती आडवी रेघ आहे. मर्यादाच नाही! त्याच अनुसूचीत एक जैवचाचणी सांगितली आहे: शंभर टक्के सांडपाण्यात ९६ तासांनंतर ९० टक्के मासे जिवंत राहिले पाहिजेत. ही चाचणी सिंचनाच्या रकान्यालाही लागू आहे. म्हणजे शेताला जाणाऱ्या पाण्याची परीक्षा मासा देतो आणि रोपाला कोणी विचारत नाही.

माशाच्या चाचणीला मी हसत नाही. उलट तिच्यात एक मोठे तत्त्व मान्य झाले आहे, ते हे की सजीव प्राणी कायद्यापुढे साक्ष देऊ शकतो. रसायनशास्त्राच्या यादीत न बसणारे विष असू शकते आणि ते शरीराला कळते, हे कायदा करणाऱ्यांनी ओळखले होते. माझी सूचना एवढीच की जिथे मासा नाही तिथे रोपाला बोलवावे. बगरूच्या आसपास बारमाही वाहणारी नदी नाही. तिथे पाण्याचा शेवट जमिनीत होतो. साक्षीदार घटनास्थळीचा असावा, हे तर पोलीस पाटलालाही ठाऊक असते.

ही साक्ष नोंदवण्याची पद्धत जुनी आणि स्वस्त आहे. स्वीडनचे शास्त्रज्ञ आल्बर्ट लेव्हान यांनी १९३८ साली कांद्याच्या मुळांवर रसायनांचा परिणाम पाहण्याची रीत प्रचारात आणली. ती आजही जगभर वापरात आहे. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेची, म्हणजे ओईसीडीची, बियांची उगवण व रोपांची वाढ तपासणारी २०८ क्रमांकाची मार्गदर्शिका आहे. तिची सुधारित आवृत्ती २००६ ची. बशी, गाळणकागद, मुळ्याचे किंवा मुगाचे एकाच प्रतीचे बी, नाल्याचे पाणी, तुलनेसाठी स्वच्छ पाणी, आणि पाच दिवसांनंतर एक फूटपट्टी. या साहित्याची यादी तालुक्याच्या कोणत्याही शाळेला झेपेल.

जिल्हा पातळीवर मी पुढील व्यवस्था सुचवीन.

एक. सामाईक प्रक्रिया केंद्राच्या आणि मोठ्या कारखान्यांच्या निर्गमावरील पाण्याची दरमहा मूळवाढ चाचणी व्हावी. स्वच्छ पाण्यातील मुळांच्या तुलनेत लांबी किती टक्के, एवढा एकच आकडा अहवालात यावा.

दोन. हा आकडा सलग खाली राहिला तरच नमुना पुढच्या, महागड्या तपासणीसाठी जावा. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येक नमुना पाहणे कोणत्याही मंडळाला परवडणारे नाही, पण दहातला एक पाहणे परवडेल. बगरूजवळच देहमी कलाँ येथे मणिपाल विद्यापीठ जयपूर आहे. जयपूर शहरात इतर संस्था आहेत. जिल्हाधिकारी आणि विद्यापीठ यांच्यात एका पानाचा करार पुरे.

तीन. रंग, रंगद्रव्ये आणि कापडावरील लेप विकणाऱ्याने मालात अब्जांश रूपातील पदार्थ आहे का, हे पोत्यावर लिहावे. फ्रान्समध्ये २०१३ पासून अशी वार्षिक नोंद सक्तीची आहे. युरोपीय संघात २०२० पासून रसायनांच्या नोंदणीत अब्जांश रूपाची माहिती द्यावी लागते. छिप्याला ही माहिती मिळाल्याशिवाय त्याच्याकडून काळजीची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे.

चार. प्रक्रिया केंद्रात हे कण नाहीसे होत नाहीत. त्यांतले बहुतांश गाळात जाऊन बसतात. रासायनिक प्रक्रियेचा गाळ २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडतो. तो खत म्हणून शेतात किंवा भराव म्हणून खड्ड्यात जाणार नाही, यावर देखरेख हवी. पाणी स्वच्छ झाले आणि गाळ शेतात गेला, तर आपण प्रदूषणाचा फक्त पत्ता बदलला.

पाच. सिंचनाच्या रकान्यातील आडवी रेघ काढून तिथे जस्त व तांब्याच्या मर्यादा आणि माशाच्या जोडीला रोपाची चाचणी यावी. हे काम केंद्राचे आहे, पण त्याची मागणी जिल्ह्यातून गेली पाहिजे.

यावर आक्षेप येतील आणि ते रास्त आहेत. पहिला: मूळ आखूड झाले हे कळेल, पण कशामुळे ते कळणार नाही, कदाचित नुसत्या मिठानेही ते खुंटले असेल. खरे आहे. म्हणून तुलनेच्या एका बशीत तेवढ्याच खारेपणाचे साधे मिठाचे पाणी ठेवावे. मिठाच्या बशीत मूळ वाढले आणि नाल्याच्या बशीत नाही वाढले, तर दोष मिठाचा नाही. ताप मोजल्याने रोग कळत नाही, तरी डॉक्टर तापमापक फेकून देत नाहीत. दुसरा: न्यायालयात हे टिकेल का? १९७४ च्या जल प्रदूषण कायद्याच्या २१ व्या कलमात नमुना कसा घ्यायचा, नोटीस कशी द्यायची, नमुन्याचे भाग करून सील कसे करायचे, हे सांगितले आहे. ती रीत पाळली नाही तर अहवाल पुरावा ठरत नाही. म्हणून मूळवाढ चाचणीला प्रारंभी शिक्षेचा आधार करू नये. ती इशारा म्हणून ठेवावी, आणि कारवाई रीतसर नमुन्यावर व्हावी.

तिसरा आक्षेप माझ्या दृष्टीने सर्वांत गंभीर आहे. नवीन मोजपट्टी आली की ती प्रथम कोणाच्या पाठीवर पडते? मोठ्या कारखान्याकडे सल्लागार असतो, वकील असतो. अंगणात चार कुंड्या मांडून काम करणाऱ्या छिप्याकडे काहीच नसते. मोजपट्टी त्याच्या दारात लागली तर कुलूपही त्याच्याच दाराला लागेल. म्हणूनच मी चाचणी सामाईक निर्गमावर आणि मोठ्या घटकांवर सुचवली आहे, घरोघरी नव्हे. छिप्यासाठी सामाईक प्रक्रिया केंद्राची जोडणी, पोत्यावरची माहिती आणि प्रशिक्षण यांचा खर्च सरकारने व मोठ्या खरेदीदारांनी उचलावा. हातठशाच्या कापडाचा नफा जयपूरच्या आणि परदेशच्या दुकानांत होतो. पाण्याचा हिशेब मात्र बगरूच्या अंगणात मागितला जातो. ही वाटणी न्याय्य नाही.

दुसऱ्या बाजूला शेतकरीही उभा आहे. राजस्थानातील पालीच्या शेतकऱ्यांना बांडी नदीतील कापड उद्योगाच्या पाण्याविरुद्ध राष्ट्रीय हरित लवादाकडे जावे लागले. आपल्याकडे इचलकरंजी आणि पंचगंगेचा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेला. महाराष्ट्राने तर केंद्राच्या पाच वर्षे आधी, १९६९ सालीच जल प्रदूषण प्रतिबंधक कायदा केला होता. कायदा लवकर करणाऱ्या राज्यालाही न्यायालयात जावे लागते, याचा अर्थ कायद्याची उणीव हा मुख्य प्रश्न नाही. कायदा काय पाहतो आणि काय पाहत नाही, हा प्रश्न आहे.

आणि सरकारला अब्जांश आकार पाहता येत नाही असेही नाही. २०२१ साली खत नियंत्रण आदेशात नॅनो खतांची भर पडली. बाटलीतल्या नॅनो युरियात नत्र किती, एवढ्यावर न थांबता कणांचा आकार किती असावा, हेही तिथे लिहिले आहे. त्याआधी २०२० साली जैवतंत्रज्ञान विभागाने शेतीतील अब्जांश उत्पादनांच्या मूल्यमापनाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. म्हणजे जो कण शेतकऱ्याला विकत द्यायचा आहे, त्याचा आकार सरकार नॅनोमीटरमध्ये मोजते. जो कण त्याच शेतकऱ्याच्या शेतात न मागता येतो, त्याचा आकार मात्र कुठल्याच रकान्यात नाही. एकाच शेताच्या बांधावर दोन मोजपट्ट्या का असाव्यात, याचे उत्तर मला सापडलेले नाही.

नोकरीत मी शिकलो ते असे की नवा कायदा करणे फारसे कठीण नसते. नमुन्याच्या अर्जात एक नवा रकाना घालणे फार कठीण असते. पण एकदा रकाना आला की तो भरावा लागतो, भरला की वाचावा लागतो, आणि वाचला की कोणीतरी विचारतो, हा आकडा खाली का? 'मुळाची लांबी, टक्के' असा एक रकाना. मुळ्याची जुडी घेऊन आलेल्या त्या शेतकऱ्याला मग निदान असे सांगता येईल की, बसा, तुमच्या मुळ्याचे म्हणणे आम्ही फाईलवर घेतले आहे.